सागवानाला जवसाचं तेल आणि मेण: पावसाळा काढल्यावरचा अनुभव

घरच्या जुन्या सागवानी फर्निचरला मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ही प्लास्टिकसारखा थर देणारी पॉलिशं न मारता जवसाचं तेल आणि वरून मधमाश्यांचं मेण लावलं, त्याला आता वर्ष होत आलं. मधे अख्खा पावसाळा गेला, गणपती-दिवाळीची वर्दळ झाली. आता ठामपणे लिहायला हरकत नाही. घर ठाण्यात, खाडीचं दमट वारं खिडकीतून थेट आत येतं. बैठकीतला झोपाळा, जेवणाचं टेबल आणि बाल्कनीतल्या खुर्च्या, सगळं बल्लारशाकडच्या लाकडाचं. लाकूडबाजारात त्याला अजून सीपी टीक म्हणतात, म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचा, जुन्या मध्य प्रांतातला साग.

आधी जुनं पॉलिश कुठलं आहे ते ओळखावं, कारण पुढची सगळी मेहनत त्यावर ठरते. टेबलाच्या खालच्या अंगाला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा मिनिटभर दाबून धरा. जागा चिकट होऊन कापूस तपकिरी झाला तर ते लाखेचं पॉलिश. स्पिरिटला दाद दिली नाही पण थिनरने मऊ पडलं तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. दोन्हींनी ढिम्म हललं नाही तर मेलामाइन किंवा पीयू. आमचा झोपाळा लाखेचा निघाला आणि टेबलावर मेलामाइन. लाख स्पिरिटच्या चिंध्यांनीच उतरते, लाकूड फारसं घासावं लागत नाही. मेलामाइन मात्र घासूनच काढावं लागतं. १२० नंबरच्या काचपेपरपासून सुरुवात करून १८०, मग २२०, नेहमी लाकडाच्या रेघांच्या दिशेने. त्याहून बारीक पेपर मारून लाकूड गुळगुळीत केलं की तेल नीट मुरत नाही. सागात सिलिका असते, त्यामुळे पेपर भराभर बोथट होतात. जरा जास्तच आणून ठेवा. धूळ घशाला आणि कातडीला चावते, तेव्हा मास्क हवाच.

सागाला स्वतःचं तेल असतं आणि ते वरून लावलेल्या तेलाला सुकू देत नाही. म्हणून घासून झाल्यावर थिनरच्या फडक्याने सगळं पुसून घ्यायचं आणि थिनर उडाला की लगेच तेलाचा पहिला हात द्यायचा. तेल रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड लिनसीड’ म्हणून मिळतं तेच. त्यात सुकवणारे धातूचे क्षार असतात. खायचं जवसाचं तेल दिवसेंदिवस ओलंच राहतं, ते इथे उपयोगाचं नाही. पहिल्या हाताला निम्मं तेल, निम्मं टर्पेंटाइन. चिंधीने चोळायचं, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यायचं आणि वर उरलेला थेंबन् थेंब पुसून काढायचा. सगळं यश या पुसण्यात आहे. तेल वर राहिलं तर त्याची चिकट साय धरते आणि त्यावर धूळ बसते. दोन हातांमध्ये निदान एक दिवस, असे तीन हात पुरतात. हे काम मार्च-एप्रिलमध्येच करावं. जूननंतर तेल सुकायचं नाव घेत नाही.

तेलाच्या चिंध्या कधीही गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं आणि सुकताना गरम होतं. बोळ्यात ती उष्णता कोंडून चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर एकेक मोकळी वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

मेणासाठी एक भाग मेण, चार भाग टर्पेंटाइन. मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवायचं आणि टर्पेंटाइन गॅस बंद करून, भांडं ओट्यावरून लांब नेऊनच घालायचं. थंड झाल्यावर लोण्यासारखं होतं. पातळ हात लावून तासाभराने मऊ सुती कापडाने जोर लावून घासलं की मंद तुकतुकी येते.

पहिल्या हातालाच लाकडाचा रंग बघून आई झोपाळ्यापाशी उभी राहिली. फळीवर मधासारखा पिवळा, त्यात गर्द तपकिरी रेघा, आणि एका टोकाला गाठीभोवती रेघांनी घेतलेलं वळण, जे इतकी वर्षं लाल रंगाच्या पॉलिशखाली कुणाला दिसलंच नव्हतं. हात फिरवला की लाकूड लागतं, प्लास्टिकचा थर नाही. मला स्वतःला हेच सगळ्यात जास्त आवडतं.

रोजच्या वापरात काय झालं? टेबलावर आमटीचं गरम पातेलं टेकलं तर निस्तेज कडं उमटतं, कारण मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं. पण कापडाने घासलं की जातं. लाखेवर पडलेला पांढरा चट्टा काढणं याच्या दसपट कटकटीचं. हळद मात्र आत शिरते. साबणाने ती निघत नाही, पण टेबल खिडकीशी सरकवून दोन-चार दिवस ऊन दिलं की फिकी पडते. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. तांब्याखाली रात्रभर पाणी साचलं तर काळपट वर्तुळ येतं. तेवढ्या जागेवर २२० चा पेपर, तेल, मेण, आणि दुसऱ्या दिवशी जागा शोधावी लागते. मेलामाइनवर साधा ओरखडा गेला तरी अख्खा वरचा भाग नव्याने करावा लागतो, मिस्त्रीची वाट बघा ते वेगळंच. झोपाळ्याच्या कड्यांजवळ लोखंडी स्क्रूमुळे आलेले काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने उतरले; हातमोजे घालून करा आणि नंतर भरपूर पाण्याने पुसून घ्या. स्क्रू पितळी बसवले, पुन्हा डाग नाहीत.

ऑगस्टमध्ये टेबलाच्या खालच्या अंगाला पांढुरकी बुरशी आली. जवसाचं तेल तिचं खाद्यच. स्पिरिटने पुसली, पंख्याखाली सुकवलं आणि खालच्या बाजूलाही मेण चोळलं, त्यानंतर आली नाही. दमट घरात खालची बाजू कोरी ठेवू नका.

बाल्कनीतल्या खुर्च्यांसाठी हा उपाय चालत नाही. गणपतीपर्यंत तेल धुऊन गेलं आणि काळे ठिपके पडले. उन्हाने लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू बांधून ठेवणारा घटक, फुटतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि साग राखाडी होतो. पण ते वरवरचंच, आतलं लाकूड शाबूत राहतं. त्या खुर्च्या आता साबणपाणी आणि मऊ ब्रशने धुऊन कोऱ्याच ठेवल्या आहेत.

ज्यांना आरशासारखी चमक हवी किंवा घरात टेबल ओलं राहण्याची सवय आहे, त्यांनी पीयूच करावं. बाकीच्यांनी दर दोन-तीन महिन्यांनी मेण आणि वर्षातून एकदा, मे महिन्याच्या आत, तेलाचा एक हात एवढं धरून चालावं. आमच्या झोपाळ्याचं तेवढं काम एका सकाळीत आटोपतं.