‘वाजतोय ना, काका?’ : व्हॉल्व्ह रेडिओच्या दुरुस्तीत मी कसा फसलो

आमच्याकडचा फिलिप्सचा व्हॉल्व्ह रेडिओ, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी आतल्या तापणाऱ्या काचेच्या नळ्यांवर (व्हॉल्व्हवर) चालणारा, अण्णांनी १९५८ साली घेतला. तेव्हा रेडिओ ठेवायला लागणाऱ्या, पोस्टात भरलेल्या लायसनचं पुस्तक अजून घरात आहे. अण्णा गेल्यापासून रेडिओ कपाटावर चादरीखाली होता. यंदा आईच्या ८५व्या वाढदिवसाला तो वाजवावा असं मनात आलं आणि मी सरळ प्लग खोचला.

पहिली चूक माझीच. वर्षानुवर्षं बंद असलेल्या सेटला एकदम पूर्ण व्होल्टेज द्यायचं नसतं. जुना तारेचा ६० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे सेटकडे जाणाऱ्या वायरीच्या वाटेतच, लावतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. मी तसं काही केलं नाही, तरी सेट बिचारा बोलला. अर्ध्या मिनिटाने मोठी घरघर सुरू झाली आणि तिच्या आडून फाटक्या आवाजात आकाशवाणी पुणे. पाच मिनिटांत एका व्हॉल्व्हची आतली प्लेट लाल दिसायला लागली, तेव्हा घाबरून बंद केला.

आज मला कळतं की आजार त्याने स्वतःच सांगितला होता. घरघर म्हणजे वीजपुरवठा सपाट करणारे फिल्टर कंडेन्सर (वीज साठवणारे पार्ट) वाळलेले. फाटका आवाज आणि लाल प्लेट म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचा (करंटवर ताबा ठेवणाऱ्या आतल्या जाळीवरचा) कपलिंग कंडेन्सर, म्हणजे आवाज पुढे सोडून डीसी अडवणारा पार्ट, गळतोय. ग्रिड उणे राहायला हवी, तिथे गळतीतून धन (पॉझिटिव्ह) व्होल्टेज येतं आणि व्हॉल्व्ह झेपेल त्याहून जास्त करंट ओढतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दोन-तीनशे रुपयांत येणारा माल आहे हा. पण हे शहाणपण चौदा हजार पाचशे घालवून आलेलं.

ओळखीतल्या ओळखीतून एक ‘जुन्या रेडिओचे स्पेशालिस्ट’ मिळाले. घरी येऊन सेट उचलून नेला, दोन दिवसांनी फोन. ‘काका, ट्रान्सफॉर्मर जळालाय, व्हॉल्व्ह सगळे गेलेत. बाहेरून मागवावे लागतील.’ जो सेट माझ्यासमोर पाच मिनिटं बोलला, त्याचे सगळे व्हॉल्व्ह कसे गेले, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. सहा हजार ॲडव्हान्स पाठवला. दोन महिने ‘पार्सल अडकलंय’ ऐकलं. मग एक व्हिडिओ आला: डायल उजळलेली, मागे व्हॉल्व्ह नारिंगी पेटलेले, गाणं चालू. डोळे भरून आले हो. उरलेले पैसे पाठवूनच घ्यायला गेलो.

चोरी पकडली ती आईने. मी बटण फिरवलं, गाणं सुरू झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई मात्र म्हणाली, ‘अरे, हा लगेच कसा बोलला? पूर्वी बटण लावून मी चहाचं आधण ठेवून यायचे, तेव्हा कुठे आवाज यायचा.’

व्हॉल्व्हचा फिलामेंट तापल्याशिवाय आवाज येत नाही, वीस-तीस सेकंद जातातच. मग मला एकेक दिसायला लागलं. गाणं लागलं होतं विविध भारतीचं, १०१ मेगाहर्ट्झवरचं, आणि डायलवर फक्त मिडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह! १९५८चा हा सेट एफएम पकडणार कुठून? मॅजिक आय, म्हणजे स्टेशन नीट लागलं की जिच्या हिरव्या उजेडातली काळी फट मिटत येते ती खिडकी, ती ढिम्म हलेना. आणि उचलताना वजन हलकं लागलं होतं, ते मी आनंदात विसरलो होतो.

मागचा पुठ्ठा काढला. एका कोपऱ्यात काडेपेटीएवढा ब्लूटूथ-एफएम बोर्ड, मोबाइलचा चार्जर आणि चार इंचांचा कागदी स्पीकर. मेन्स ट्रान्सफॉर्मर, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि मूळचा मोठा स्पीकर गायब. सॉकेटमध्ये व्हॉल्व्ह होते, पण हाताला गार, आणि प्रत्येकाखाली नारिंगी एलईडी चिकटवलेला. दोघांच्या डोक्यावरचा चंदेरी डाग दुधी पांढरा पडलेला होता. व्हॉल्व्हच्या आत हवा शिरली की तो डाग असा पांढरा होतो, म्हणजे कधीच मेलेले. आमच्या ईएल ८४ वर, म्हणजे आउटपुट व्हॉल्व्हवर, भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का होता, तो व्हॉल्व्ह नव्हताच. या नंबरला गिटार ॲम्प्लिफायरवाल्यांकडून आजही मागणी आहे, हे नंतर समजलं.

फोन केला. उत्तर: ‘काका, तुम्हीच म्हणालात वाजला पाहिजे. वाजतोय ना? वर ब्लूटूथ फुकट दिलंय.’

पावतीवर दोनच शब्द: ‘रेडिओ दुरुस्ती’. पार्टची यादी नाही. माझ्याकडे सेटचा एकच फोटो, तोही भाच्याच्या मुंजीतला, समोरून. पोलीस चौकीत साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘आत काय होतं हे दाखवणारं काही आहे का?’ नव्हतं. बराच आरडाओरडा केल्यावर चार हजार परत मिळाले.

म्हणून सेट कुणाच्या हाती देण्याआधी मागचा पुठ्ठा उघडून फोटो काढा. त्याआधी प्लग काढून ठेवा, आणि आत बोट घालू नका. कंडेन्सरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट मागे राहिलेले असू शकतात. प्रत्येक व्हॉल्व्हचा नंबर पावतीवर लिहून घ्या, बदललेले जुने पार्ट परत मागा. व्हिडिओवर पैसे देऊ नका. तिथे जाऊन थंड सेट स्वतः लावा, मिडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला पुणे केंद्र लावायला सांगा, मग बटण बंद करून कान द्या: बहुतेक व्हॉल्व्ह सेटचा आवाज क्षणभर रेंगाळून विझतो.

सध्या सेट दुसऱ्या एका निवृत्त गृहस्थांकडे आहे. चॅसिस, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, खालून पाहताना ते हसायलाच लागले. आधीच्या महाशयांनी विकण्याजोगं सगळं काढलं, पण कागदी कंडेन्सर जसेच्या तसे ठेवले होते. कपलिंगचा एक सुटा करून मीटरला लावला, गळत होता. गायब झालेले दोन्ही ट्रान्सफॉर्मर आता वाइंडिंगवाल्याकडून नवे करून घेतोय. ईएल ८४ बुधवारच्या जुन्या बाजारात मिळाला. मॅजिक आयचा ईएम ८० मात्र अजून मिळालेला नाही. कुणाकडे असेल तर कळवा, पण लावून, हिरवा झालेला दाखवणार असाल तरच.