शामोनीचं खोरं, एक पब आणि पाण्याचा जग : एका हिवाळ्यानंतर

डिसेंबरातली ती पावती अजून फ्रीजवर आहे. पाणी, एक लिटर, नग दोन, तेरा युरो. पाच महिन्यांत आम्ही फ्रेंच आल्प्समधल्या त्या खोऱ्यात सात वेळा गेलो, स्की शिकलो, पडलो, त्या एकाच पबमध्ये निदान बारा वेळा जेवलो, आणि तरी लिहायला बसल्यावर आधी हे तेरा युरोच आठवले. ज्यांना समतोल परीक्षण हवं असेल त्यांनी दुसरीकडे बघावं. मों ब्लाँ किती उंच, पहिलं हिवाळी ऑलिंपिक 1924 साली शामोनीला कसं झालं, हे तुम्ही वाचलेलं असणारच. पबचं नावही देत नाही. खोऱ्यात असे बरेच आहेत आणि पाण्याच्या बाबतीत सगळे एकाच माळेचे मणी असावेत असा माझा संशय आहे.

आम्ही जिनिव्हात राहतो, तीन वर्षं झाली. बसने शामोनी दीड तासावर. राहायला अर्जाँतिएर धरलं, शामोनीच्या वर आठेक किलोमीटर, कारण तिथला स्टुडिओ स्वस्त पडला. 'चौघांसाठी' असं लिहिलेल्या फ्रेंच स्टुडिओचा अर्थ नव्यांसाठी सांगून ठेवते: दार उघडलं की बोळातच एकावर एक दोन पलंग, पुढे उलगडायचा सोफा, कोपऱ्यात दोन शेगड्या. चादरी-टॉवेल आपले न्यायचे, नाहीतर त्यांचं भाडं. निघताना झाडून-पुसून द्यायचं, नाहीतर त्याचेही पैसे. आम्ही लग्नाला निघाल्यासारखी वळकटी बांधून नेली आणि निघताना मी स्वतः फरशी पुसली. राहणाऱ्या पाहुण्यांना एक कार्ड मिळतं, त्यावर खोऱ्यातली बस आणि लाल छोटी रेल्वे फुकट. ते मात्र मागून घ्या.

गाव निवडताना आमची चूक झाली. अर्जाँतिएरच्या डोक्यावर ग्राँ मोंते आहे आणि तो डोंगर शिकणाऱ्यांचा नाही. लाल आणि काळे, म्हणजे अवघड उतार, येणारी मंडळी पाठीवर दोर आणि फावडी बांधून आलेली. पबमधले जुने लोक अजून 2018 च्या आगीबद्दल हळहळतात; वर 3,295 मीटरवर नेणाऱ्या पाळण्याचं मधलं स्थानक तेव्हा जळलं. आम्हाला त्याचं दुःख असायचं कारण नव्हतं, आम्ही पायथ्यालाच घसरत होतो. दुसरं, या खोऱ्यातले उतार एकमेकांना जोडलेले नाहीत. ब्रेव्हाँ आणि फ्लेजेर तेवढे एकमेकांना बांधलेत, बाकी ठिकाणी जायचं तर स्की काढा, खांद्यावर टाका, बस पकडा. कडक बूट घालून बसच्या पायऱ्या चढणं हा वेगळा खेळ आहे आणि त्याचा शिक्षक मिळत नाही.

शिकलो ते ल तूरला, खोऱ्याच्या वरच्या टोकाला, व्होर्मेनच्या उतारावर. मोकळं, रुंद, उन्हाचं. फ्रान्समध्ये उतारांना चार रंग असतात, त्यातला हिरवा सगळ्यात सोपा. स्वित्झर्लंडमध्ये हा हिरवा नसतोच, सुरुवातच निळ्यापासून. वयाच्या अडतिसाव्या वर्षी मला त्या हिरव्याची किंमत कळली. लाल जाकिटातला शिक्षक मुलांना सांगत होता, स्कीची टोकं जवळ आणा, पिझ्झाचा तुकडा करा. माझा पिझ्झा दर वेळी अर्ध्यात फाकायचा आणि मी शेजारच्या कुणाच्या तरी बापाला जाऊन धडकायचे. नऊ वर्षांच्या चिरंजिवांनी तिसऱ्या दिवशी आम्हाला मागे टाकलं आणि त्यानंतर ओळख दाखवली नाही.

बुटांचं एवढंच सांगते: मोजा एकच, आणि पातळ. मी थंडीच्या भीतीने दोन जाड घातले आणि दुपारी बोटं बधिर. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवले की सुटला पाहिजे. भाड्याच्या दुकानातला पोरगा घाईत असतो, तुम्ही घाई करू नका.

आता पब. फ्रेंच हॉटेलांचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं ते सातला उघडतं. स्कीवाल्याला भूक लागते चारला. त्या वेळी गरम काही मिळायचं तर पबच. लाकडी छत, टीव्हीवर रग्बी, बाकांखाली ओले बूट, निम्मे इंग्रज आणि निम्मे स्वीडिश. फ्राइज उत्तम. व्हेज बर्गर डिसेंबरात कोरडा होता, फेब्रुवारीत त्यांनी बदलला, आता बरा. तार्तिफ्लेत, म्हणजे बटाटा, कांदा आणि रब्लोशाँ चीज, यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतातच. त्यांच्याशिवाय मागितलं तर "आधीच मिसळलंय" असं उत्तर आलं. त्यापेक्षा फ्राइजवर चीज घालून घ्या. नवऱ्याच्या मते बिअर चांगली, पण त्याचं बिअरबद्दलचं मत नेहमीच चांगलं असतं.

आणि पाणी. आपल्याकडे हॉटेलात टेकायच्या आत पोऱ्या एका हातात चार ग्लास, चारांत चार बोटं बुडवून आणतो आणि टेबलावर आदळतो. आपण नाक मुरडतो, पण कुणी पैसे मागत नाही. जिनिव्हाने माझी ही सवय मोडली. तिथे नळाचं पाणी मागितलं तरी बिलात दिसू शकतं, त्यामुळे मी मागणंच सोडलेलं. सरहद्द ओलांडून आलो तरी तोच बावळटपणा. "साधं की सोडा असलेलं?" असं पोरीने विचारलं. मी म्हटलं, साधं. बाटली आली. मग दुसरी आली. मग पावती आली.

सोमवारी ऑफिसात फ्रान्सच्या बाजूने रोज ये-जा करणारा सहकारी हे ऐकून पोट धरून हसला. त्या प्रश्नाची दोन्ही उत्तरं चुकीची आहेत, तिसरंच द्यायचं असतं: युन काराफ दो. म्हणजे पाण्याचा जग, नळाचं. फ्रान्समध्ये जेवणाबरोबर ते फुकट द्यावं लागतं. शिवाय 2022 पासून असं पाणी मागता येतं हे दिसेल असं लिहून ठेवणंही हॉटेलांना बंधनकारक आहे. पुढच्या खेपेला मी मेनू एलआयसीच्या पॉलिसीसारखा वाचला. लिहिलं होतं हो. शेवटच्या पानावर, शेंगदाणे-ग्लुटेनच्या सूचनेखाली, मुंगीच्या अक्षरात.

जानेवारीत मी तिसरं उत्तर दिलं. जग आला. अर्धा लिटर. तीन माणसं, दिवसभर डोंगरावर घाम गाळलेली. मोठमोठे लोक जग फार लहान आहे असं म्हणतात, ते मला तिथे पटलं. दुसरा यायला वीस मिनिटं. तिसरा मागायची मला लाज वाटली, आणि लाज वाटली याचा राग आला. त्या रात्री स्टुडिओत बसून मी लिहून ठेवलं: स्वयंपाक तीन तारे, पाणी शून्य, एकूण दोन. इथवरचा मजकूर बराचसा त्या रात्रीचा आहे आणि तो मी बदललेला नाही.

मग फेब्रुवारीत सासूबाई आल्या. सांगलीहून थेट उणे आठमध्ये. शनिवारी पहाटे डोंगरात धडाधड आवाज सुरू झाले. आई म्हणाल्या, दिवाळी आहे का इथे? रात्री खूप बर्फ पडला की उतार उघडण्याआधी सुरुंगासारखे स्फोट करून सैल बर्फ मुद्दाम पाडतात, त्याचे ते आवाज. बसच्या फळ्यावर लिहिलं होतं, ल तूरचा रस्ता बंद. थांब्यावर कुणी कुरकुरलं नाही. अर्जाँतिएर आणि ल तूरच्या मध्ये मोंरोक नावाची वस्ती आहे. 9 फेब्रुवारी 1999 ला तिथे हिमकडा कोसळून घरांत बसलेली बारा माणसं गेली. तो रस्ता बंद म्हटला की तिथे कुणी वाद घालत नाही. व्होर्मेनच्या दिवसाचे पैसे फुकट गेले म्हणून मी घालायच्या बेतात होते, नवऱ्याने कोपर मारलं.

तेव्हा सकाळी अकरापासून पब. आईंना गार पाणी चालत नाही. दिवसभर कोमट लागतं, अगदी मे महिन्यातसुद्धा. मी मनातल्या मनात हिशोब केला: गरम पाणी म्हणजे चहाचा दर, चार युरो, गुणिले सहा. स्वीडिश पोरगी आली (डिसेंबरात बाटली आणणारी हीच), आईंनी थेट तिलाच मराठीत सांगितलं, "बाळा, जरा गरम पाणी दे गं." हात तोंडाशी नेऊन दाखवला. पोरगी गेली आणि मोठी चिनी मातीची किटली घेऊन आली, चार कप, वर लिंबाची फोड. दर तासाला न सांगता किटली भरून जायची. मुलाचे ओले मोजे तिने स्वतः शेगडीजवळ टांगले. आम्ही चार वाजेपर्यंत बसलो, दोन प्लेट फ्राइज आणि एक सूप एवढ्यावर. बिलात पाण्याची ओळ नव्हती. मी दोनदा तपासलं.

त्याच दिवशी काउंटरशी बसलेल्या एका म्हाताऱ्या गाववाल्याने विचारलं, कुठले? मुंबईकडचे म्हटल्यावर त्याने वाइनचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "मालाबार प्रिन्सेस." मग थांबून, "कांचनजंगा." एअर इंडियाच्या दोन विमानांची नावं. दोन्ही मुंबईहून लंडनला निघालेली, दोन्ही जिनिव्हाला उतरायच्या आधी मों ब्लाँवर आदळली, एक 3 नोव्हेंबर 1950 ला आणि दुसरं 24 जानेवारी 1966 ला. दुसऱ्यात 117 माणसं होती, त्यांत होमी भाभा. आई तेव्हा सहावीत होत्या. बाईंनी वर्गात सांगितलेलं त्यांना आठवतं. बोसाँची हिमनदी हळूहळू खाली सरकते आणि एकेक वस्तू परत देत राहते. 2012 साली टपालाची सरकारी पिशवी निघाली. 2020 साली तिथल्याच एका कॅफेवाल्याला भारतीय वर्तमानपत्रं सापडली, इंदिरा गांधी पंतप्रधान होत असल्याची बातमी असलेली, ती त्याने वाळत घातली. आईंना ते पटेना. "चोपन्न वर्षं बर्फात राहून कागद टिकला?" म्हाताऱ्याने मान हलवली. आई बराच वेळ किटलीवर हात ठेवून बसल्या. जिनिव्हाच्या बसने खोऱ्यात शिरताना ही हिमनदी उजव्या खिडकीतून दिसते, झाडीपर्यंत उतरलेली. त्याआधी मी दर वेळी त्या खिडकीत झोपलेली असायचे.

तर दुरुस्ती: पाणी शून्य हे मागे घेते. साडेतीन करते.

पण मार्चमध्ये गेलो तर तो दिवस त्या पोरीच्या सुट्टीचा. नवा पोरगा, मी "युन का" म्हणेपर्यंत बाटलीचं बूच उघडलेलं. मोडक्या फ्रेंचमध्ये वाद घातला. त्याने खांदे उडवले, मी पैसे दिले. साडेसहाच. म्हणजे किटली हे त्या पोरीचं औदार्य होतं, पबचं धोरण नव्हतं. अर्धा तारा कापला. त्या दिवसापासून स्टीलची बाटली पिशवीत असते आणि मी ती उघडपणे टेबलावर ठेवते. अजून कुणी हटकलेलं नाही.

स्कीचं काय झालं, हे विचाराल म्हणून: एप्रिलमध्ये ल तूरच्या गोंडोलाने वर जाऊन एक निळा उतार मी न पडता उतरले. दुपारनंतर बर्फ गाडीवरच्या गोळ्यासारखा भुसभुशीत होतो, तेव्हा सकाळी जा. मुलगा लाल उतार करतो. नवरा म्हणतो की तोही करतो, पण पाहिलेलं कुणी नाही. फेब्रुवारीत फ्रान्सच्या शाळांच्या सुट्ट्या पाळीपाळीने चार आठवडे चालतात, त्या तारखा टाळा; स्टुडिओचं भाडं तेव्हा काहीच्या काही होतं.

पबला एकूण तीन तारे. जग लिटरचा करा, चौथा देते.

शेवटच्या शनिवारी ती पोरगी आवराआवर करत होती. आईंनी सांगलीहून पाठवलेले शेंगदाण्याचे लाडू तिला दिले. तिने आधी त्यात काय आहे ते विचारलं, मग तिथेच एक खाल्ला. उन्हाळ्यात ती घरी जाते. डिसेंबरात इथेच येशील का म्हटलं, तर तिचंही ठरलेलं नव्हतं. स्टुडिओ मात्र आम्ही आत्ताच धरला. मेच्या आत धरला की दहा टक्के कमी लागतात.