ओल मोजायचं यंत्र, अकरा महिन्यांनंतर (आणि टोपण हरवल्यानंतर)

आधी टोपणाबद्दल. या दोन सुयांच्या मॉइश्चर मीटरवर प्लास्टिकचं टोपण येतं. ते नुसतं झाकण नाही. आत दोन पत्र्या आहेत, सुया त्यांना टेकवल्या की ठरलेला आकडा यायला हवा. आला तर यंत्र ठीक. एवढं कामाचं टोपण दोरीने बांधून द्यायचं मात्र कुणाला सुचलेलं नाही. साडेतेराशे रुपये घेतलेत, वीतभर दोरी नाही.

घेतलं का, तर गेल्या वर्षी गौरींच्या आदल्या दिवशी नारायणपेठ काढायला कपाट उघडलं आणि काठावर पांढरी लव. कपाटाची पाठ हाताला दमट, आत कुबट वास. आमचं घर मुलुंडला, तिसरा मजला, बेडरूमची भिंत पश्चिमेची, म्हणजे पावसाचा मारा सरळ अंगावर. चार वर्षांत दोनदा रंग दिला होता, दुसऱ्यांदा ‘अँटी-फंगल’चे जास्तीचे पैसे मोजून. रंगाऱ्याने काळे डाग पॉलिश पेपरने कोरडेच घासले, भुकटी घरभर उडाली आणि मी पंधरा दिवस शिंकत होते. पुढच्या जुलैत डाग त्याच जागी, नव्या रंगाच्या पोपड्यांसकट.

एका तपासणीवाल्याने घर बघायचे आठ हजार सांगितले. हवेतली बुरशी कुठल्या जातीची तेही लॅबमधून काढून देतो म्हणाला. अरे, डाग डोळ्यांना दिसतोय, त्याची जात कळून मी काय करू? पाणी कुठून येतंय ते सांग. म्हणून हे यंत्र.

पहिल्या आठवड्यात मी याला एकच तारा देणार होते. हॉलमधली भिंत हाताला कोरडी, तरी आकडा २४! मग माहितीपत्रक नीट वाचलं. दोन सुयांमधून वीज किती सहज जाते त्यावरून हे ओल ठरवतं, आणि त्या भिंतीला जुना लोणा लागलेला. क्षार असले की आकडा फुगतो. शिवाय टक्के आहेत ते लाकडाचे. गिलाव्यावर ते फक्त तुलनेला. म्हणजे एका आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, भिंतीचा नकाशा करायचा. हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापायला काय झालं होतं?

मग पेन्सिलीने फुटाफुटावर खुणा केल्या आणि दर रविवारी तिथेच सुया टोचून आकडे कालनिर्णयावर लिहिले. प्रत्येक खुणेवर दोन बारीक भोकं पडतात. नवरा म्हणाला, “भिंतीला साप चावलाय का?”

खरा उपयोग कळला नोव्हेंबरात. खिडकीच्या वरचा कोपरा सप्टेंबरात २३ होता, पाऊस गेल्यावर १२ वर आला. म्हणजे तो पावसाचाच, छज्ज्याला पडलेल्या भेगेतून. पण खाली, जिथे ही भिंत बाथरूमच्या भिंतीला मिळते, तिथे २६ चे २६च. महिनाभर थेंब पडला नव्हता! आता सांगायला लाज वाटते, पण तोवर मी सोसायटीला तीन पत्रं दिली होती: बाहेरच्या भिंतीतून गळती, उपविधींप्रमाणे खर्च तुमचा. पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीकडे, हे खरंच आहे. आपल्या बाथरूमची मात्र आपल्याकडे.

प्लंबरने नहाणी ट्रॅपमध्ये बोळा कोंबून बाथरूममध्ये बोटभर पाणी चोवीस तास साठवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी कोपरा २९! ट्रॅपभोवतीचा सांधा उघडा पडला होता. चार लाद्या फोडून साडेसहा हजारांत काम झालं. रंगारी लगेच यायला तयार होता, मी थांबवलं. आकडा उतरायला फेब्रुवारी उजाडला: २९, २५, २०, मग १३. गिलावा किती सावकाश वाळतो हे डोळ्यांनी पाहिल्यावर मागचे दोन्ही रंग का उखडले ते वेगळं कुणी सांगावं लागलं नाही.

नारायणपेठेच्या कपाटामागे मात्र यंत्राने साफ हात टेकले. तिथे आकडा ११, आणि बुरशी तरीही. या जुलैत कपाट ओढून त्या जागी वीतभर ॲल्युमिनियम फॉइल चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून ठेवली. सकाळी घाम खोलीच्या बाजूला, भिंतीकडची बाजू कोरडी. म्हणजे ओल भिंतीतून नाही, हवेतून. रात्रभर एसी, पहाटे बंद करून खिडकी सताड उघडायची. बाहेरची दमट हवा गार भिंतीवर बसायची. साडेतीनशेचा आर्द्रतामापक आणला तर त्या वेळी ८४ टक्के! साठच्या खाली ठेवा म्हणतात. खिडकी आता उशिरा उघडतो, मधूनमधून एसी ड्राय मोडवर, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. राहिलेले डाग मास्क लावून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसले, भिंत पंख्याखाली वाळवली. सासूबाईंच्या डांबरगोळ्या आहेतच; वास जातो, ओल जात नाही.

पाचपैकी चार तारे देणार होते, साडेतीन देते. अर्धा टोपणाचा. दोन पत्रं मी मागे घेतली, छज्ज्याचं ठेवलं, तेव्हा सेक्रेटरी काका हसले आणि स्वतःच्या घरी बघायला हे यंत्र घेऊन गेले. चार दिवसांनी परत दिलं, टोपणाशिवाय. विक्रेत्याला विचारलं तर टोपण सुटं मिळत नाही, नवं यंत्र घ्या. काकांना काय म्हणणार, छज्ज्याचं काम अजून व्हायचंय. तूर्त सुयांवर बुचाचा तुकडा खोचलाय.