सेंटओएस ७ वरचं एलडॅप कुठे हलवायचं: डेबियन, अल्मालिनक्स की विंडोज सर्व्हर?

रेड हॅटच्या लिनक्सची मोफत प्रत असलेल्या सेंटओएस ७ चे अपडेट ३० जून २०२४ ला थांबले. त्यावर ओपनएलडॅप (युजर आणि ग्रुपच्या नोंदी ठेवणारा, एलडॅप पद्धतीचा डिरेक्टरी सर्व्हर) चालत असेल, तर त्याच घराण्यातली, म्हणजे रेड हॅट किंवा अल्मालिनक्सची, नवी आवृत्ती टाकून काम भागेल असं वाटतं. पण रेड हॅटने आठव्या आवृत्तीपासून ओपनएलडॅपचं सर्व्हर पॅकेजच काढून टाकलं आहे. नवव्या आवृत्तीवर ते ईपेल या जादा पॅकेजच्या संग्रहातून मिळतं, पण त्याला रेड हॅटचा सपोर्ट नाही. म्हणून आधी डिरेक्टरीचं सॉफ्टवेअर ठरवा. ओएस त्यावरून ठरते.

ओपनएलडॅपच ठेवायचं असेल तर सरळ डेबियन घ्या. डेबियन १२ मध्ये ओपनएलडॅपची २.५ मालिका आहे, १३ मध्ये २.६. सेंटओएस ७ वरचा डेटाबेस बहुधा एचडीबी (साठवणीचा जुना प्रकार) असतो आणि २.५ पासून एचडीबी काढून टाकलंय, त्यामुळे जुनं कॉन्फिगरेशन उचलून आणू नका. एचडीबीच्या जागी नुसतं एमडीबी (नवा प्रकार) लिहिलंत, तर कमाल आकार मूळच्या १० एमबीवर राहतो आणि थोड्याच नोंदींत डेटाबेस भरल्याची एरर येते. डेबियनचं ताजं पॅकेज तो १ जीबी ठेवतं. तेव्हा ताजं इन्स्टॉल करा, परवानग्या आणि इंडेक्स नव्याने लिहा, फक्त डेटा आणा. जुन्या मशीनवर डेटा बाहेर काढणारं स्लॅपकॅट चालवताना डेटाबेसचा नंबर न देता सफिक्स (डिरेक्टरीचं मूळ नाव) द्या, कारण सेंटओएसवर १ नंबरला मॉनिटर हा सर्व्हरची स्थिती दाखवणारा डेटाबेस असतो, तुमचा डेटा नाही. नव्या मशीनवर सर्व्हिस थांबवून आधीच्या एमडीबी फाइल काढा, स्लॅपअ‍ॅडने डेटा भरा, मग फाइलींची मालकी ओपनएलडॅप युजरला द्या. हे शेवटचं राहिलं तर रूटच्या मालकीच्या फाइली उघडता येत नाहीत आणि सर्व्हिस उठत नाही.

जोडणी एन्क्रिप्ट करणाऱ्या टीएलएसचीही एक खोच आहे. डेबियन १२ चं पॅकेज ग्नूटीएलएस या लायब्ररीवर बांधलेलं आहे, १३ चं ओपनएसएसएलवर. ओपनएसएसएलच्या पद्धतीची सायफर यादी (चालणाऱ्या एन्क्रिप्शन पद्धतींची यादी) १२ च्या पॅकेजला कळत नाही.

अल्मा ९ निवडलंत तर ३८९ डिरेक्टरी सर्व्हर हा दुसरा एलडॅप सर्व्हर मूळ रेपॉझिटरीतच आहे. ओपनएलडॅपमधून डेटा आणायचं टूल सोबत मिळतं आणि कन्फर्म दिल्याशिवाय ते फक्त काय बदलेल एवढंच दाखवतं. अ‍ॅक्सेसचे नियम मात्र हातानेच लिहावे लागतात. शेकडो लिनक्स मशीनचं लॉगिन, सुडो (रूटचे अधिकार) आणि सर्टिफिकेट एका ठिकाणी हवं असेल तर फ्रीआयपीए ही तयार व्यवस्था उत्तमच, पण त्याची झाडरचना ठरलेली असते. तुमचे जुने ओयू (डिरेक्टरीतल्या विभागांच्या फांद्या) तिथे टिकत नाहीत. १०,००० युजर आणि १०० ग्रुपसाठी रेड हॅट किमान ४ जीबी रॅम सांगतं.

डेस्कटॉप बहुतेक विंडोजचे आणि ग्रुप पॉलिसी (सगळ्या मशीनच्या सेटिंग एका जागेवरून लावणं) रोजच्या कामाची असेल, तर विंडोज सर्व्हर. लायसन्स कोअरनुसार, वर प्रत्येक युजर किंवा डिव्हाइससाठी कॅल (वापराचं वेगळं लायसन्स). हा खर्च झेपत नसेल तर डेबियनवर सांबा, म्हणजे विंडोजच्या डोमेन कंट्रोलरचं (लॉगिन तपासणाऱ्या मुख्य सर्व्हरचं) काम करणारं मोफत सॉफ्टवेअर. रेड हॅटच्या सांबामध्ये डोमेन कंट्रोलरची सोय नाही. विंडोज सर्व्हर असो की सांबा, दोन्हीकडे एलडॅपमधले एसएसएचए (हॅश करून ठेवलेले) पासवर्ड चालत नाहीत, सगळ्यांना नवे द्यावे लागतात. माणसं जास्त असतील तर हा बदल विभागवार करा, एका रात्रीत नको.