कायटोसान, सेल्युलोज की अल्जिनेट? चुंबकीय उत्प्रेरकाचा आधार निवडताना

पॅलेडियम धातू धारण करणाऱ्या आणि चुंबकाने परत गोळा करता येणाऱ्या उत्प्रेरकावर प्रकल्प घेणाऱ्या मुंबईतील विद्यार्थ्याला आधार म्हणून कोणते नैसर्गिक बहुवारिक (पॉलिमर) वापरायचे, हे आरंभीच ठरवावे लागते. मॅग्नेटाइटचा, म्हणजे चुंबकीय लोह ऑक्साइडचा, गाभा तिन्ही पर्यायांत सारखाच असतो; फेरस व फेरिक क्षार १:२ प्रमाणात घेऊन अमोनियाने अवक्षेपित केले की तो मिळतो. निवडीचा खरा निकष हा की, बहुवारिक धातूला किती घट्ट धरून ठेवते.

या बाबतीत माझा कौल कायटोसानला आहे. त्याच्या अमिनो गटांतील नायट्रोजन आपली इलेक्ट्रॉन जोडी पॅलेडियमला देतो, त्यामुळे वेगळा संलग्नी (धातूला धरून ठेवणारा रेणू, लिगँड) जोडण्याची गरज अनेकदा उरत नाही. कच्चा मालही जवळचाच आहे: ससून डॉकला कोळंबी सोलल्यावर उरणाऱ्या टरफलांत कायटिन असते आणि तीव्र सोडियम हायड्रॉक्साइडने त्यातील ॲसिटिल गट काढले की कायटोसान तयार होते. अर्थात या प्रक्रियेतील अल्कयुक्त सांडपाणी हिशेबात न धरता तिला हरित म्हणणे मला पटत नाही. शिवाय कायटोसान सौम्य ॲसिटिक आम्लातही विरघळते. म्हणून सुझुकी जोडणीसारख्या (पॅलेडियमच्या मदतीने दोन कार्बन अणू जोडणाऱ्या) अल्कधर्मी अभिक्रियेला ते शोभते, आम्लधर्मी अभिक्रियेला नाही.

सेल्युलोज पाण्यात आणि बहुतेक सेंद्रिय द्रावकांत विरघळत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. मात्र त्याचे हायड्रॉक्सिल गट पॅलेडियमला सैल धरतात, त्यामुळे अमिनो किंवा थायॉल (गंधकयुक्त) गट जोडण्याची पायरी वाढते. समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटचे मणी कॅल्शियममुळे सहज घट्ट होतात, पण फॉस्फेट किंवा सायट्रेट असलेल्या द्रावणात ते फुगून विस्कटतात.

कोणताही आधार निवडला, तरी उत्प्रेरक किती वेळा वापरता आला या आकड्यावर विसंबू नये. प्रत्येक फेरी पूर्ण रूपांतरणापर्यंत नेली तर क्रियाशीलतेतील घट झाकली जाते, म्हणून अर्धवट रूपांतरणाच्या टप्प्यावरील वेग ताडून पाहावा. चुंबक कण परत आणतो, द्रावणात उतरलेले पॅलेडियम आणत नाही. थंड होताना ते पुन्हा आधारावर बसू शकते, म्हणून मिश्रण गरम असतानाच कण वेगळे करावेत आणि उरलेल्या द्रावात अभिक्रिया पुढे सरकते का, ते तपासावे. उत्पादन औषधासाठी असेल तर त्यातील पॅलेडियमही मोजावे, कारण तोंडावाटे घ्यायच्या औषधांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम आहे.