उमवितून एमएस्सी केली, दोन वर्षांचा अनुभव

बारावी-बीएस्सीचा निकाल लागला की आमच्या रावेरकडे सगळ्यांचा एकच प्रश्न, आता पुण्याला कधी जाणार. मलाही तेच विचारत होते आणि मी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात, म्हणजे उमवित, मायक्रोबायोलॉजीला अ‍ॅडमिशन घेतलं तेव्हा दोन-तीन नातेवाईकांनी पप्पांना फोन करून सांगितलं की पोरीचं नुकसान करू नका. आता 2023 ते 2025 अशी दोन वर्षं पूर्ण झालीत म्हणून लिहितेय, ज्यांना खरंच रिसर्च शिकायचाय त्यांनी घराजवळचं हे विद्यापीठ आधी बघा, मग पुण्याचं ठरवा.

उमविचं नाव 11 ऑगस्ट 2018 पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. नाव बदललं तरी रिक्षावाल्यापासून प्राध्यापकांपर्यंत सगळे उमविच म्हणतात. पण ते नाव मला मनापासून आवडतं, आसोद्याची शेतकरीण, लिहिता-वाचता येत नव्हतं आणि तिच्या नावाची डिग्री आता माझ्या घरात आहे. विद्यापीठ 15 ऑगस्ट 1990 ला सुरू झालं, जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्याकडे. त्याआधी सगळा कारभार पुण्याचा, माझ्या मोठ्या काकांच्या डिग्रीवर अजून पुणे विद्यापीठ छापलेलं आहे.

कॅम्पस शहराबाहेर धुळ्याच्या रस्त्याला, गिरणेचा पूल ओलांडून बांभोरीकडे. टेकड्यांवर पसरलेलंय, एका डिपार्टमेंटहून दुसरीकडे चालत जायचं तर पाय दुखतात. पण मूळचं माळरान असून एवढी झाडं वाढवलीत की जुलै-ऑगस्टला बघाल तर खान्देशात आहोत असं वाटत नाही.

आता मुख्य गोष्ट, शिकणं. मी ज्या कॉलेजातून बीएस्सी केली तिथं एका मायक्रोस्कोपला आठ जण, प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल उतरवून काढणं. इथं आल्यावर पहिल्या महिन्यात कळलं की आपल्याला हाताने काहीच येत नाही. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तिसऱ्या सेमिस्टरला 4 क्रेडिट आणि चौथ्याला 6 क्रेडिटचा रिसर्च प्रोजेक्ट असतो. मी विषय घेतला आमच्याच केळीच्या वावरातला. पप्पा दरवर्षी डीएपी खत टाकतात पण आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत त्यातला बराचसा फॉस्फरस कॅल्शियमला बांधला जातो आणि मुळांना मिळत नाही. मातीतले काही जिवाणू सेंद्रिय आम्ल सोडून तो मोकळा करतात, ते जिवाणू शोधायचे होते.

मी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, बांधावरची माती पिशवीत भरून आणली आणि कामाला लागले. प्रोजेक्टच्या मॅडमनी विचारलं, किती खोलीवरची? खोडापासून किती लांबची? किती ठिकाणची? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. त्या ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या परत जा आणि लिहून आण. परत गेले. पप्पांनी स्वतः टिकाव घेतला, पिलबागेत (जुन्या खोडाच्या पिलांवर घेतलेल्या केळीत) पाच खोडांजवळ वीतभर खोल खणून दिलं, मी प्रत्येक पिशवीवर नंबर टाकला. मग डायल्यूशन करून, म्हणजे माती पाण्यात टप्प्याटप्प्याने पातळ करून, पिकोव्हस्काया अगार या जिवाणू वाढवायच्या मीडियमच्या प्लेट टाकल्या. हे मीडियम दुधासारखं गढूळ असतं कारण त्यातला ट्रायकॅल्शियम फॉस्फेट विरघळत नाही, आणि जो जिवाणू तो विरघळवतो त्याच्याभोवती स्वच्छ गोल कडं दिसतं. पाचव्या दिवशी मला ती कडी दिसली आणि मी पळत मॅडमकडे गेले तर त्यांनी आधी विचारलं कंट्रोल प्लेट कुठंय, माती न टाकलेली. ती मी ठेवलीच नव्हती. सगळं पुन्हा. तेव्हा रडू आलं पण आज कुठलाही रिपोर्ट वाचताना मी पहिलं कंट्रोल शोधते, ही सवय मला या विद्यापीठाने लावली आणि पैशात तिची किंमत होत नाही.

पप्पा एकदा हॉस्टेलला डबा द्यायला आले तेव्हा त्यांना प्लेटचा फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "मंग हे आपल्या वावरातलंच ना?"

लायब्ररीत मी सगळ्यात जास्त वेळ काढला. पेपर मिळवायचे आधी हाल होते, जानेवारी 2025 पासून सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना आली आणि मोठ्या प्रकाशकांची जर्नल्स सरकारी विद्यापीठांना खुली झाली, माझं शेवटचं सेमिस्टर त्यानेच तरलं. आधीच्या मुलांनी काय काम केलंय ते बघायचं तर शोधगंगावर पीएचडीचे थिसिस फुकट वाचता येतात, विषय ठरवायच्या आधी ते नक्की बघा.

हॉस्टेलचं म्हणाल तर खोलीत एक चोपड्याची, एक शहाद्याची, एक साक्रीची आणि मी, चौघींची बोली वेगळी. अहिराणी मला तिथंच कळायला लागली. हिवाळ्यात घरून बामणोदची वांगी आली की भरीत आणि कळण्याची भाकरी, त्या रात्री मेसचं ताट कुणी उचलायचं नाही. विद्यापीठाच्या युवारंग या युवक महोत्सवाच्या दिवसांत तर डिपार्टमेंटमध्ये निम्मी मुलं तालमीलाच असतात.

अडचणी पण सांगते. ऊन भयंकर, एप्रिल-मे ला दुपारी बाहेर पडणं मुश्किल आणि नेमका तेव्हाच प्रोजेक्ट सबमिट करायचा असतो, म्हणून मातीचे-पाण्याचे सॅम्पल डिसेंबरपर्यंत गोळा करून टाका. शहर लांब पडतं, संध्याकाळी काही आणायचं विसरलात तर दुसरा दिवस. आणि शुद्ध सायन्सवाल्यांनी कॅम्पस इंटरव्ह्यूच्या भरवशावर येऊ नका, पहिल्या सेमिस्टरपासून सेट-नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांचा लाइफ सायन्सेसचा अभ्यास सुरू करा, मी तो उशिरा धरला आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

अ‍ॅडमिशनचा फॉर्म स्वतः भरा. मी एका सायबर कॅफेत गेले तर त्याने फी सोडून वरचे पाचशे घेतले आणि कॅटेगरीच चुकीची टाकली, दुरुस्त करायला दोन चकरा झाल्या. मार्कशीट, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला हे मे महिन्यातच काढून ठेवा. आणि अ‍ॅडमिशनच्या आधी एकदा आई-वडिलांना घेऊन कॅम्पसवर जा, ऑफिस बघून परत येऊ नका, ज्या विषयाला जायचंय त्या डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये जाऊन तिथं काम करणाऱ्या मुलांना विचारा की सध्या काय चाललंय. मी गेले होते तेव्हा एका ताईने एप्रन काढून अर्धा तास सगळं दाखवलं होतं, माझं ठरलं ते तिथंच.