शिक्षक जोखायचे कशावर: दहावीचा निकाल की वर्षभरातली प्रगती?

खानापूरच्या जंगलपट्ट्यातली मराठी शाळा आणि बेळगाव शहरातली शाळा यांचे एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) निकाल शेजारी ठेवून शिक्षक जोखणं अन्यायाचं आहे. ६२५ पैकी मिळालेल्या गुणांत शिकवण्याबरोबर घरची परिस्थिती, खासगी शिकवणी, पावसात बुडालेले दिवस, सगळंच मिसळलेलं असतं. निकाल पालकांना चटकन कळतो, एवढंच त्याचं बळ.

प्रगती पाहताना मूल जूनमध्ये कुठे होतं, हे आधी नोंदवावं लागतं. घरी मराठी बोलणारं पोर वर्षअखेरीस कन्नड परिच्छेद वाचू लागलं, तर त्यात बाईंची मेहनत दिसते. पण हाही आकडा डळमळीतच. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशन या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या २०१४ च्या निवेदनानुसार, अशी प्रगती मोजणाऱ्या बहुतेक अभ्यासांत गुणांमधल्या फरकाचा १ ते १४ टक्के वाटाच शिक्षकांचा निघतो. तरी मी प्रगतीच निवडेन, सोबत वर्गात बसून केलेली पाहणी हवीच.